मुंग्या, बधिरपणा आणि एक गोचीड

बराच वेळ मांडी घालून बसल्यावर आपण उठू लागतो, तो एक पाय जणू आपला नाहीच असे वाटते. चिमटा घेतला तरी कळत नाही. टेकवायला जावे तर पाय भलतीकडेच पडतो. मिनिटभराने त्यात झिणझिण्या सुरू होतात आणि आपण म्हणतो, "पायाला मुंग्या आल्या!" पायावर एकही मुंगी नसते, तरीही ऐकणाऱ्याला आपले म्हणणे नेमके समजते. गंमत म्हणजे फ्रेंच लोकांचा या संवेदनेसाठीचा शब्दही मुंगीवरूनच तयार झाला आहे. इंग्रज लोकांना मात्र तेथे टाचण्या आणि सुया टोचल्यासारख्या वाटतात.

थोड्या वेळाने या मुंग्या निघून जातात आणि आपण त्या विसरूनही जातो. पण समजा, त्या गेल्याच नाहीत तर? सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, आठवडेच्या आठवडे, तळपाय बधिर राहिले आणि बोटांत झिणझिण्या चालूच राहिल्या तर? अमेरिका आणि युरोपातील काही लोकांवर अशी वेळ एका लहानशा गोचिडामुळे येते. त्या रोगाचे नाव लाइम रोग. हा रोग समजून घेताना आपल्या शरीरातील मज्जातंतूंचे कामही आपोआप समजते. म्हणून या लेखात दोन्हींची ओळख करून घेऊ.

मज्जातंतू म्हणजे नुसती तार नव्हे

मज्जातंतूला विजेच्या तारेची उपमा नेहमी दिली जाते. ती काही अंशी खरी आहे. पण तार निर्जीव असते आणि मज्जातंतू जिवंत असतो. पायाच्या अंगठ्यातील स्पर्श मेंदूकडे नेणारी पेशी घ्या. तिचा मुख्य देह पाठीच्या कण्याजवळच्या एका लहानशा गाठीत असतो. तेथून निघालेला तिचा तंतू मांडीतून, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत पोचतो. म्हणजे उंच माणसात एकाच पेशीची लांबी जवळजवळ एक मीटर! असे हजारो तंतू एकत्र बांधले की त्यांचा एक मज्जातंतू, म्हणजे आपल्या बोलीतील 'नस', होते.

हे सर्व तंतू एकसारखे नसतात. जाड तंतूंवर मायेलीन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. स्पर्श, कंप आणि सांध्यांची स्थिती यांचे संदेश हे तंतू सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने नेतात. अगदी बारीक तंतूंवर हे आवरण नसते. ठणका, जळजळ आणि उष्णता यांचे संदेश ते सेकंदाला जेमतेम एक मीटर वेगाने नेतात. पायाचे बोट उंबऱ्याला ठेचकाळले की 'लागले' हे लगेच कळते, आणि खरी कळ क्षणभराने येते. असे का होते याचे उत्तर तुम्हीच गणिताने काढू शकाल. एक मीटर अंतर जायला पहिल्या संदेशाला एका सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो, तर दुसऱ्याला पूर्ण एक सेकंद लागतो.

आता मांडी घालून बसण्याकडे वळू. दाबामुळे नसेला होणारा रक्तपुरवठा कमी पडतो. संदेश वाहून नेण्यासाठी तंतूला सोडियमचे कण सतत पेशीबाहेर टाकावे लागतात आणि या कामाला ऊर्जा लागते. ती मिळेनाशी झाली की संदेश थांबतात. हाच बधिरपणा. दाब गेल्यावर रक्त पुन्हा वाहू लागते, पण सर्व तंतू एकाच वेळी भानावर येत नाहीत. काही तंतू गोंधळून, कोणीही स्पर्श केलेला नसताना, आपणहून संदेश पाठवू लागतात. मेंदूला वाटते, पायावर काहीतरी वळवळते आहे. याच त्या मुंग्या!

यातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. बधिरपणा म्हणजे संदेशाचा अभाव, आणि मुंग्या म्हणजे खोटा संदेश. मज्जातंतू दुखावला की या दोन्ही तक्रारी एकाच जागी, एकाच वेळी असू शकतात. "पाय बधिर आहे म्हणता, मग झिणझिण्या कशा जाणवतात?" असे रुग्णाला विचारणारे लोक पुष्कळ भेटतात. त्यांना हे उत्तर द्यावे.

लाइम गावाच्या दोन माता

अमेरिकेच्या ईशान्य भागात कनेक्टिकट नावाचे एक लहान राज्य आहे. तेथे कनेक्टिकट नदीच्या काठी लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम ही शेजारशेजारची गावे आहेत. या गावांतील काही मुलांचे गुडघे १९७०च्या दशकात एकाएकी सुजू लागले. मुलांना होणारा संधिवात, असे निदान होत होते. पण हा संधिवात एरवी अगदी विरळा असतो. मग एकाच भागात इतकी मुले कशी?

हा प्रश्न प्रथम डॉक्टरांनी नव्हे, तर गावातील मातांनी विचारला. त्यांपैकी पॉली मरे या बाई स्वतः आणि त्यांच्या घरातील मंडळी कित्येक वर्षे चमत्कारिक दुखण्यांनी बेजार होती. अनेकांनी त्यांच्या तक्रारी मनावर घेतल्या नाहीत. पण त्यांनी टिपणे ठेवणे सोडले नाही. १९७५ साली त्यांनी आणि आणखी एका मातेने राज्याच्या आरोग्य खात्याला ही हकीकत कळवली. येल विद्यापीठातील तरुण डॉक्टर ॲलन स्टीअर यांनी तपास हाती घेतला.

१९७७ साली त्यांच्या गटाने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन गावांत मिळून ५१ रुग्ण सापडले होते, ३९ मुले आणि १२ प्रौढ. बहुतेकांचे दुखणे उन्हाळ्यात किंवा त्यानंतर लगेच सुरू झाले होते. रुग्ण गावठाणापेक्षा झाडीच्या कडेला राहणारे अधिक होते. आणि सुमारे चौथा हिस्सा रुग्णांना सांधे सुजण्यापूर्वी त्वचेवर एक लाल चट्टा उमटून हळूहळू पसरलेला आठवत होता. ऋतू, झाडी आणि चट्टा या तिन्ही खुणा चावणाऱ्या एखाद्या जीवाकडे बोट दाखवत होत्या.

असा चट्टा युरोपातील डॉक्टरांना नवा नव्हता. स्वीडनमधील आर्विड आफ्झेलियस यांनी १९०९ साली तो गोचिडाच्या चाव्याशी जोडला होता. १९२२ साली फ्रान्समध्ये, आणि १९४१ साली जर्मनीत बानवार्ट यांनी, तीव्र कळा, बधिरपणा आणि चेहऱ्याचा लुळेपणा असणाऱ्या रुग्णांची वर्णने लिहून ठेवली होती. दुव्याचे एक टोक युरोपात होते आणि दुसरे अमेरिकेत.

ही टोके जुळली १९८१ साली. मूळचे स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर हे मोंटाना राज्यातील प्रयोगशाळेत गोचिडांवर काम करीत होते. न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंड या बेटावरून आलेले गोचीड त्यांनी फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शोधत होते ते वेगळ्याच तापाचे जंतू. पण गोचिडाच्या आतड्यात त्यांना बूच काढायच्या मळसूत्रासारखे पिळदार, लांबट जंतू दिसले. लाइमच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे या जंतूंना नेमकी चिकटत होती. गुन्हेगार सापडला. १९८४ साली त्याचे नाव शोधकर्त्यावरून 'बोरेलिया बर्गडॉर्फेरी' असे ठेवण्यात आले.

हा जंतू मात्र मुळीच नवा नाही. आल्प्स पर्वताच्या बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या मानवाच्या देहातही त्याच्या आनुवंशिक द्रव्याच्या खुणा मिळाल्याचे २०१२ साली जाहीर झाले.

उंदीर, हरिण आणि माणूस

अमेरिकेत हा जंतू पसरवणारा गोचीड सुमारे दोन वर्षे जगतो. एवढ्या आयुष्यात तो फक्त तीन वेळा पोटभर रक्त पितो. अंड्यातून सहा पायांचे पिल्लू निघते. त्याच्या अंगात हा जंतू नसतो. ते बहुधा पांढऱ्या पायांच्या रानउंदराचे रक्त पिते. उंदराच्या रक्तात जंतू असले, तर ते तेथून गोचिडात येतात. पुढच्या वर्षी कात टाकलेला आठ पायांचा कुमार गोचीड पुन्हा सावज शोधू लागतो. मोठा झालेला गोचीड बहुतेक वेळा हरणावर चढतो. हरिण त्याला पोसते, पण जंतू देत नाही. जंतूंचे खरे कोठार आहे उंदीर.

माणसाला सर्वांत धोका कुमार गोचिडाचा. तो खसखशीच्या दाण्याएवढा असतो आणि चावलेला कळतही नाही, म्हणून सुखाने अंगावर राहतो. जंतू अंगात शिरायला सामान्यतः चोवीस तासांहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे रानातून आल्यावर त्याच दिवशी अंग नीट तपासून गोचीड काढून टाकला, तर रोग बहुधा टळतो.

मग हा रोग विसाव्या शतकात एवढा का वाढला? कनेक्टिकटमधील जंगले पूर्वी शेतीसाठी तोडली गेली होती. पुढे शेती मागे पडली, झाडी पुन्हा वाढली, हरणे वाढली आणि माणसांनी त्याच झाडीत घरे बांधली. उंदीर, हरिण, गोचीड आणि माणूस एकाच अंगणात आले. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइम रोगाचे उपचार होतात, असा तेथील सरकारी आरोग्य संस्थेचा २०१० ते २०१८ या काळातील माहितीवरून केलेला अंदाज आहे.

मज्जातंतूंवर घाला

चावा घेतल्यावर ३ ते ३० दिवसांत बहुतेक रुग्णांच्या त्वचेवर पसरत जाणारा चट्टा उमटतो. याच वेळी प्रतिजैविके दिली तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. चट्टा पाठीवर किंवा गुडघ्यामागे असला आणि कोणाला दिसलाच नाही, तर जंतू रक्तातून दूरवर जातात. उपचार न झालेल्यांपैकी साधारण १० ते १५ टक्के लोकांत ते मज्जासंस्थेला त्रास देतात.

काहींचा अर्धा चेहरा काही आठवडे लुळा पडतो. काहींच्या मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांच्या मुळांशी दाह होतो. मग पाठीतून हातापायांत विजेसारख्या कळा जातात, आणि त्या रात्री वाढतात. उपचार न होता महिने किंवा वर्षे गेली, तर काही थोड्यांच्या पायांत, आणि क्वचित हातांतही, मुंग्या आणि बधिरपणा घर करतात. जणू न दिसणारे मोजे आणि हातमोजे घातले आहेत!

येथे जंतू तंतू कुरतडून खात नाहीत. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी नसेतील बारीक रक्तवाहिन्यांभोवती गोळा होतात. त्या दाहात, चोराबरोबर घरमालकानेही मार खावा तसे, तंतूंचेही नुकसान होते.

हे नुकसान मोजता येते. नसेला एका जागी विजेचा सौम्य झटका देतात आणि दुसऱ्या जागी संदेश किती वेळाने व किती जोराने पोचला ते यंत्रावर पाहतात. मात्र ही तपासणी जाड तंतूंचीच असते. बारीक तंतू बिघडले असतील तर यंत्र 'सर्व ठीक' सांगते आणि रुग्णाचे तळपाय जळतच राहतात. अशा वेळी त्वचेचा लहानसा तुकडा काढून त्यातील तंतूंची टोके सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. म्हणून एक तपासणी निर्दोष निघाली, एवढ्यावरून रुग्णाची तक्रार खोटी ठरत नाही.

औषध संपले, तरी मुंग्या का?

लाइमवर डॉक्सिसायक्लिन, सेफ्ट्रिआक्सोन यांसारखी प्रतिजैविके दोन ते चार आठवडे देतात. औषध संपते, जंतू मरतात, पण मुंग्या मात्र तशाच! रुग्ण घाबरतो. त्याला वाटते, औषध लागू पडले नाही.

येथे पुन्हा थोडे गणित करू. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो. गुडघ्यापासून तळपायापर्यंत ४०० मिलिमीटर अंतर धरले, तर ४०० दिवस झाले. एक वर्षाहून अधिक! आग विझवणारा बंब आग विझवतो, जळालेले घर बांधत नाही. ते बांधायला वेळ लागतो. शिवाय नव्याने वाढणारे तंतू सुरुवातीला आपणहून संदेश पाठवतात, म्हणून बरे होतानाही मुंग्या येऊ शकतात.

तरीही उपचारानंतर ५ ते १० टक्के रुग्णांना थकवा, अंगदुखी असे त्रास सहा महिन्यांहून अधिक काळ राहतात. शरीराची संरक्षक यंत्रणा जंतू गेल्यावरही शांत होत नाही, किंवा मेलेल्या जंतूंचे अवशेष तिला चेतवत राहतात, अशा शक्यता शास्त्रज्ञ तपासत आहेत. महिनोन्‌महिने प्रतिजैविके दिल्याने फायदा होतो का, हेही निर्धोक गोळीशी तुलना करून पाहिले गेले. टिकाऊ फायदा दिसला नाही. उलट काहींना औषधांचेच अपाय झाले. रक्तातील प्रतिपिंडे तर बरे झाल्यावरही कित्येक वर्षे राहतात. त्यामुळे रक्ततपासणीवरून रोग गेला की नाही, हे ठरवता येत नाही.

म्हणजे रुग्णाचा त्रास खरा असतो, पण प्रत्येक खऱ्या त्रासावर आणखी प्रतिजैविक हे उत्तर नसते. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी लक्षात ठेवणे अवघड आहे, पण आवश्यक आहे.

न कळणाऱ्या पायांनी चालताना

कळ नाहीशी झाली तर बरेच, असे तुम्हाला वाटेल. पण कळ हा शरीराचा पहारेकरी आहे. तळपाय बधिर असलेल्या माणसाला बुटातील खडा कळत नाही. पाणी किती कढत आहे, तेही कळत नाही. कनेक्टिकटच्या कडक हिवाळ्यात पाय शेकताना भाजून फोड आला, तरी तो दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी पाहावा तेव्हा समजतो.

दुसरी अडचण तोलाची. पाऊल कोठे आहे, घोटा किती वाकला आहे, हे मेंदूला जाड तंतू कळवतात. ते मुके झाले की माणूस डोळ्यांच्या आधाराने चालतो. दिवसा त्याचे कोणाला काही जाणवत नाही. पण अंधारात, किंवा तोंडाला साबण लावून डोळे मिटताच, तो डगमगतो.

म्हणून अशा रुग्णांना काही सवयी लावून घ्याव्या लागतात. रोज झोपण्यापूर्वी दोन्ही तळपाय पाहायचे, लागल्यास आरशाची मदत घ्यायची. पाण्याची उष्णता पायाने नव्हे, तर कोपराने पाहायची. बूट झटकून मगच घालायचे, आणि घरातही अनवाणी चालायचे नाही. रात्री वाटेत मंद दिवा ठेवायचा. तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकून ते रोज करायचे. रात्री इतर गडबड थांबली की मुंग्या अधिक जाणवतात. तेव्हा झोप लागावी आणि जळजळ शमावी म्हणून डॉक्टर मज्जातंतूंना शांत करणारी औषधेही देतात.

याखेरीज एक गरज औषधाच्या दुकानात मिळत नाही. सुजलेला गुडघा दिसतो, बधिर तळपाय दिसत नाही. वर्गातील मुलगा वहीवर सावकाश लिहितो, कारण पेन बोटांत नीट लागतच नाही. खेळाच्या तासाला तो मागे बसतो. तो आळशी आहे, असे ठरवणे सोपे आहे. त्याचे म्हणणे ऐकून घेणे थोडे अवघड आहे. लाइम गावाच्या मातांचे म्हणणे कोणी ऐकलेच नसते, तर या रोगाचा शोध आणखी किती लांबला असता!

आपल्याकडे काय?

अमेरिकेतील तो गोचीड भारतात नाही, आणि आपल्याकडे लाइमचे रुग्ण फारच थोडे नोंदले गेले आहेत. म्हणून पायाला मुंग्या आल्या की लाइमची भीती बाळगू नये. आपल्याकडे कायमच्या मुंग्यांची नेहमीची कारणे म्हणजे मधुमेह, ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता, नसेवरील दाब आणि कुष्ठरोग. त्वचेवरचा फिकट, बधिर चट्टा हे तर कुष्ठरोगाचे महत्त्वाचे लक्षण आहे. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने गळून पडतात, असा पूर्वी समज होता. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बोटे झडतात ती न कळलेल्या जखमांमुळे, भाजण्यामुळे आणि त्यांतील पूमुळे. पाय रोज पाहण्याचा जो नियम लाइमच्या रुग्णाला, तोच मधुमेही आजोबांना आणि तोच कुष्ठरोग्याला. कारण वेगळे, पण बधिर पायाचे शास्त्र एकच. मुंग्या काही आठवडे टिकल्या, तर डॉक्टरांना दाखवावे हे उत्तम.

गोचीड मात्र आपल्याकडेही निर्धोक नाहीत. कर्नाटकात १९५७ साली आढळलेला क्यासनूर जंगलाचा ताप गोचिडांतून पसरतो आणि तो गोव्यातील सत्तरी व सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागापर्यंत पोचला आहे. तो विषाणूचा रोग आहे, लाइमहून अगदी वेगळा. पण रानात जाताना अंगभर कपडे घालणे आणि परतल्यावर अंग तपासणे, हे नियम येथेही उपयोगी आहेत. गोचीड चिकटलेला दिसल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावा. त्यावर रॉकेल ओतू नये, काडीने चटका देऊ नये आणि बोटांनी तो चिरडू नये.

करून पाहा

आपल्या त्वचेवर स्पर्शाच्या तंतूंची दाटी कोठे किती आहे, हे वर्गातच पाहता येते. केसांची आकडी वाकवून तिच्या दोन टोकांत ५ मिलिमीटर अंतर ठेवा. मित्राला डोळे मिटायला सांगा. दोन्ही टोके एकाच वेळी, अगदी हलकेच, त्याच्या बोटाच्या अग्राला टेकवा आणि विचारा, "एक की दोन?" मग हाच प्रयोग मनगटाच्या वर, पोटरीवर आणि पाठीवर करा. प्रत्येक ठिकाणी 'दोन' असे उत्तर येईपर्यंत टोकांतील अंतर वाढवत जा, आणि आकड्यांचा तक्ता करा. बोटाच्या अग्राला दोन-तीन मिलिमीटर पुरतात, पाठीला कित्येक सेंटिमीटर लागतात. शिक्षकांनी सर्व मुलांच्या आकड्यांची सरासरी फळ्यावर मांडावी. मग एक प्रश्न विचारावा: बोटाच्या अग्रालाही पाठीइतकेच अंतर लागू लागले, तर सदऱ्याची गुंडी लावणे, सुईत दोरा ओवणे आणि खिशातील नाणे न पाहता ओळखणे, यांपैकी कोणते काम तुम्हाला जमेल?